विकास हक्क हस्तांतरण (वारसा वास्तूंच्या संदर्भात)

ऐतिहासिक वास्तूवर मजले चढविण्यास मनाई असल्यामुळे जे अनुज्ञेय बांधकामक्षेत्र मालकाला वापरता येत नाही, ते दुसऱ्या भूखंडावर वापरण्याची किंवा विकण्याची मुभा देणारी नगररचनेतील तरतूद. वास्तू जागच्या जागी राहते आणि जतनाचा सगळा भार एकट्या मालकावर पडत नाही.

या कल्पनेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तिचे मूळ ब्रिटनच्या १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यात शोधतात. त्या कायद्याने जमिनीची मालकी आणि बांधकामाचा हक्क वेगळे केले हे खरे. तथापि एका भूखंडाचा हक्क दुसऱ्यावर नेण्याची सोय त्यात नसल्याने त्याला उगमापेक्षा पूर्वपीठिका म्हणणे अधिक योग्य ठरेल. जेराल्ड लॉइड यांनी १९६१ मध्ये अमेरिकेत केलेली मांडणी आजच्या स्वरूपाला अधिक जवळची आहे. न्यूयॉर्कमध्ये पेनसिल्व्हेनिया स्थानकाची इमारत पाडण्यास १९६३ मध्ये सुरुवात झाली. त्या हानीनंतर १९६५ मध्ये तेथे वारसा संरक्षण कायदा आला आणि १९६८ मध्ये संरक्षित वास्तूंचे हक्क शेजारच्या भूखंडांवर नेण्यास परवानगी मिळाली.

त्याच वर्षी न्यूयॉर्कमधील ग्रँड सेंट्रल या संरक्षित रेल्वे स्थानकावर वास्तुविशारद मार्सेल ब्रॉयर यांनी आखलेल्या ५५ मजली मनोऱ्याचा प्रस्ताव आला. तो नाकारला गेल्यावर मालक कंपनी न्यायालयात गेली. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी शहराची बाजू ग्राह्य धरली. हस्तांतरणीय हक्क म्हणजे पूर्ण नुकसानभरपाई नसली, तरी त्यांमुळे निर्बंधाचा भार हलका होतो, हे न्यायालयाने विचारात घेतले.

या हक्कांना किंमत येते ती चटई क्षेत्राच्या, म्हणजे सर्व मजल्यांच्या एकत्रित बांधकामक्षेत्राच्या, टंचाईमुळे. ग्राहक भूखंडावर, म्हणजे हे हक्क जिथे वापरायचे तेथे, नियमानेच भरपूर चटई क्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या क्षेत्रफळाशी बांधकामाचे अनुज्ञेय प्रमाण) मिळत असेल, तर ते विकत घेण्याचे कारण उरत नाही. उलट एकाच भागात असे हक्क फार उतरले, तर पाणीपुरवठा, मलनिःसारण व रस्ते यांवर ताण येतो. विक्रीचा पैसा वास्तूच्या दुरुस्तीला लागेल अशी बंधनकारक अट नसेल, तर मालकाला मोबदला मिळूनही छप्पर गळतच राहते. ही अट व्यवस्थेचा गाभाच मानली पाहिजे.

अनुज्ञेय क्षेत्र आधीच वापरून झालेल्या उंच जुन्या इमारतींना विकण्यासारखे काही शिल्लक नसते. त्यांच्यासाठी करसवलत किंवा थेट अनुदान हे मार्ग अधिक उपयुक्त ठरतात.