मार मेनोर: वाळूच्या बाहीआडचा धाकटा समुद्र

स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यावर, मुर्सिया प्रदेशात, सुमारे १३५ चौरस किलोमीटरचं एक उथळ खारकच्छ आहे. नाव मार मेनोर, म्हणजे धाकटा समुद्र. पाणी सात मीटरपेक्षा फारसं खोल नाही. भूमध्य समुद्र आणि हे पाणी यांच्यामध्ये २० किलोमीटरहून लांब वाळूचा दांडा पसरला आहे. त्याला ‘ला मांगा’ म्हणतात. मांगा म्हणजे बाही.

या दांड्यात मोजकीच अरुंद मुखं होती. समुद्राचं पाणी त्यांतून बेताबेतानं आत येई, उन्हावाऱ्यानं त्याची वाफ होई आणि आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा बरंच खारट राही. तो खारटपणा सोसतील तेच जीव इथे टिकत. मासळीची ये-जाही याच मुखांतून. म्हणून मच्छीमारांनी तिथेच बोरूच्या कुडांचे चकवे उभारले. मासा आत शिरला की बाहेरची वाट त्याला सापडत नसे. उत्तरेला सान पेद्रोची मिठागरं आहेत, तिथे आजही रोहित पक्षी उतरतात.

मार मेनोरच्या दुखण्याची गोष्ट बहुतेक जण २०१६ पासून सांगतात. त्या वर्षी पाणी हिरवंगार झालं, तळापर्यंत ऊन पोचेना आणि तिथली बहुतेक वनस्पती मेली. माझ्या मते सुरुवात त्याच्या कितीतरी आधी झाली. १९६० च्या दशकात ला मांगाच्या वाळूच्या टेकड्यांवर हॉटेलं चढू लागली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नौकांसाठी एस्तासियोचं मुख खोदून रुंद केलं. समुद्राचं पाणी मोकळेपणी आत आलं, खारटपणा उतरला आणि हजारो वर्षांची घडी मोडली.

१९७९ मध्ये ताहो नदीचं पाणी कालव्यानं इथल्या सेगुरा नदीच्या खोऱ्यात आलं. मार मेनोरलगतच्या कार्ताहेनाच्या कोरडवाहू माळावर लेट्यूस, ब्रोकोली आणि खरबुजं पिकू लागली. खतांतलं नायट्रेट ओढ्यांतून आणि भूजलातून खारकच्छात झिरपत राहिलं. त्यावर शेवाळ माजतं, आणि ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो. १९९० च्या दशकात जेलीफिश अफाट वाढले, ही त्याची पहिली ठळक खूण होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये, ढगफुटीनंतर महिन्याभरात, गुदमरलेली मासळी जिवंतपणीच काठाला लागली. ऑगस्ट २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं. तेव्हा हजारो माणसांनी हातात हात घालून आपल्या समुद्राभोवती साखळी केली.

सहा लाखांवर सह्या जमल्या आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मार मेनोरला कायद्यानं व्यक्तीचा दर्जा मिळाला. युरोपात असं पहिल्यांदाच घडलं. २०२४ मध्ये घटनात्मक न्यायालयानंही तो कायदा उचलून धरला. या पाण्याच्या वतीनं आता कोणीही कोर्टात उभं राहू शकतं.

इथल्या तळाशी ‘नाक्रा’ नावाचा हातभर लांबीचा शिंपला राहतो. तो इथे आला तोही रुंद केलेल्या मुखातूनच. २०१६ नंतर एका परजीवीनं भूमध्य समुद्रातले नाक्रा जवळजवळ संपवले. स्पेनमध्ये ते उरले ते एब्रो नदीच्या त्रिभुज प्रदेशात आणि मार मेनोरमध्ये. इथलं पाणी अजूनही समुद्रापेक्षा खारट आहे, आणि इतका खारटपणा त्या परजीवीला मानवत नाही.