मेलमधल्या बटणावर काय लिहायचे?

(आमच्यामार्फत जाहिरातीचे मेल पाठवणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

मेलचा मजकूर जुळवताना बटणावरचे शब्द बहुधा सगळ्यात शेवटी, घाईत लिहिले जातात. म्हणून तिथे ‘येथे क्लिक करा’ किंवा ‘अधिक जाणून घ्या’ येऊन बसते. हा क्रम उलटा करा: आधी बटण लिहा, मग मेल. बटण म्हणजे वाचणाऱ्याने आता करायच्या एका कामाचे नाव. ते दोन-तीन शब्दांत सांगता येत नसेल, तर मेल कशासाठी पाठवायचा हेच अजून ठरलेले नाही.

एक बटण जवळून

समजा, वॉटर प्युरिफायरच्या सर्व्हिसिंगची आठवण करून देणारा मेल आहे. मजकूर ठीक आहे: फिल्टरची मुदत या महिन्यात संपते. खाली बटण: ‘येथे क्लिक करा’. दाबले की कंपनीचे मुखपृष्ठ उघडते.

इथे दोन चुका आहेत. दाबल्यावर काय होणार हे बटण सांगत नाही; थेट पैसे मागतील की फोन येईल, या शंकेने माणूस थांबतो. आणि दाबल्यावर जे पान उघडते तिथे सर्व्हिसिंगचा उल्लेखही पटकन सापडत नाही.

आता बटणावर लिहू: ‘सर्व्हिसिंगची तारीख निवडा’. त्याखाली लहान अक्षरांत: ‘पैसे काम झाल्यावर. तारीख नंतर बदलता येते.’ (हे खरे असेल तरच.) आणि लिंक थेट तारखा दाखवणाऱ्या पानावर, ज्याचे शीर्षकही ‘सर्व्हिसिंगची तारीख निवडा’ असेच. बटणावर एक आणि पानावर दुसरेच असले की माणूस चुकीच्या जागी आलो असे समजून परत फिरतो.

‘सर्व्हिसिंग बुक करा’ का नाही? चालेल, पण ‘बुक करा’ म्हटले की पैसे आणि बांधिलकी डोळ्यांसमोर येते. ‘तारीख निवडा’ ही त्याआधीची छोटी पायरी. पहिल्याच मेलमध्ये ‘खरेदी करा’ म्हणण्यापेक्षा ‘किमती पाहा’ म्हणणे बरे, तेही याच कारणाने. पायरी लहान दाखवा, पण खोटी दाखवू नका: ‘किमती पाहा’ दाबल्यावर फॉर्म भरायला लावला तर पुढच्या मेलवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

मराठीत लिहिताना

‘बटणाची सुरुवात क्रियापदाने करा’ हा सल्ला इंग्रजीसाठी आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि ते बहुतेक वेळा ‘करा’, ‘पाहा’, ‘घ्या’ असेच असते. सगळा भार आधीच्या नामावर पडतो, म्हणून नाम नेमके हवे. ‘फाइल डाउनलोड करा’पेक्षा ‘दरपत्रक डाउनलोड करा’.

‘माझी जागा राखून ठेवा’ की ‘तुमची जागा राखून ठेवा’? पहिल्यात ग्राहक कंपनीला सांगतो, दुसऱ्यात कंपनी ग्राहकाला. एकाच मेलमध्ये दोन्ही आले की बोलतेय कोण हेच कळत नाही. आमचे मत: दोन्ही सर्वनामे गाळा, ‘जागा राखून ठेवा’ पुरते.

दोन गोष्टी डिझायनरला आवर्जून सांगा. इंग्रजी बटणांवर अक्षरांत अंतर सोडण्याची पद्धत आहे. देवनागरीत तसे केले की शिरोरेखा तुटते आणि शब्द विस्कटलेला दिसतो. दुसरे, बटणाची उंची ठरावीक ठेवून ओळीची उंची आखडली की वरची वेलांटी किंवा खालचा उकार कापला जातो. उंची बांधू नका, वर-खाली मोकळी जागा सोडा. ओळीची उंची अक्षराच्या साधारण दीडपट ठेवा.

बटण दिसले पाहिजे, दाबता आले पाहिजे

बटण चित्र म्हणून टाकू नका. अनेक ठिकाणी चित्रे आपोआप उघडत नाहीत, आणि मग बटणाच्या जागी रिकामी चौकट उरते. मेलच्या कोडमधल्या टेबलच्या (तक्त्याच्या) रंग भरलेल्या चौकटीत साधी अक्षरे, हे सर्वांत टिकाऊ. विंडोजवरचे जुने आउटलुक मेल दाखवायला वर्डचे इंजिन वापरते. तिथे गोल कोपरे चौकोनी होतात आणि लिंकला दिलेली आतली जागा (अक्षरांभोवतीची मोकळी जागा, म्हणजे पॅडिंग) गायब होते. ती जागा टेबलच्या चौकटीला द्यावी.

बोटाने दाबायचे बटण किमान 44 पिक्सेल उंच हवे. अक्षर 16 पिक्सेल किंवा मोठे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांच्या उजळपणात किमान 4.5 ला 1 इतका फरक (कॉन्ट्रास्ट) असावा. फिक्या केशरी रंगावर पांढरी अक्षरे इथे नापास होतात. डार्क मोडमध्येही एकदा पाहा, काही ॲप रंग स्वतःच उलटवतात.

जागेचे म्हणाल तर छोट्या मेलमध्ये एक बटण पुरते. मेल लांब असेल तर तेच बटण, त्याच शब्दांत, शेवटी पुन्हा. तीन वेगवेगळी कामे सांगायची असतील तर एकाला बटण आणि बाकीच्यांना साध्या लिंक. मेल 102 केबीच्या पुढे गेला की जीमेल तो मध्येच कापते, आणि शेवटचे बटण अनसबस्क्राइबच्या लिंकसकट दिसेनासे होते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते, पण खरा फुगवटा वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरासोबत येणाऱ्या कोडचा असतो. आधी साध्या नोटपॅडमध्ये चिकटवून मग उचला.

अनसबस्क्राइब लपवू नका. जाण्याची वाट सापडली नाही की माणूस ‘स्पॅम’ दाबतो, आणि ते जास्त महाग पडते. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला 5,000 पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्यांना जीमेलने फेब्रुवारी 2024 पासून एका क्लिकमध्ये बाहेर पडण्याची सोय आणि 0.3 टक्क्यांखाली स्पॅमच्या तक्रारी, अशा अटी घातल्या आहेत.

मोजताना

‘किती जणांनी उघडला’ या आकड्यावर निर्णय घेऊ नका. मेलमधले एक न दिसणारे चित्र उतरले की मेल उघडला असे मोजले जाते. सप्टेंबर 2021 पासून ॲपलच्या मेल ॲपमधली गोपनीयतेची सोय चित्रे आधीच उतरवून घेते, त्यामुळे न वाचलेला मेलही उघडलेला दिसतो. क्लिक मोजा, आणि त्यापुढे झालेले काम मोजा. क्लिकमध्येही भेसळ असते: मेल पोहोचताच काही सेकंदांत त्यातली प्रत्येक लिंक दाबली गेली असेल, तर तो माणूस नाही, मेल ज्याला गेला त्याच्या कंपनीचे सुरक्षेचे सॉफ्टवेअर आहे.

दोन बटणांची तुलना करायची तर एका वेळी एकच गोष्ट बदला, शब्द किंवा रंग. आणि यादी पुरेशी मोठी हवी. क्लिकचे प्रमाण 2 टक्क्यांवरून 3 वर गेले हे खात्रीने म्हणायला प्रत्येक गटात सुमारे 3,800 जण लागतात. 500 जणांच्या गटांत 10 आणि 15 क्लिक आले तर तो नुसता योगायोगही असू शकतो. यादी लहान असेल तर चाचणीत वेळ घालवू नका. ओळखीच्या कोणालाही फक्त बटण दाखवून ‘दाबल्यावर काय होईल?’ एवढे विचारा.

मजकूर पाठवताना सोबत द्या: बटणावरचे शब्द, उघडणाऱ्या पानाची पूर्ण लिंक (आखूड केलेली नको, अशा लिंकमुळे मेल स्पॅममध्ये जाऊ शकतो), त्या पानाचे शीर्षक, आणि मुदत असल्यास तारीख व वेळ. मुदत संपल्यावर त्या लिंकवर काय दिसावे तेही कळवा. मेल उशिरा उघडणारे नेहमीच असतात.