मधुमेही व्यक्तींमधील मृत्युमान

मधुमेह असलेल्या लोकांमध्ये ठरावीक काळात कोणत्याही कारणाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण आणि काळानुसार त्यात पडत गेलेला फरक. ते सहसा दर १,००० व्यक्ति-वर्षांमागे (एक व्यक्ती एक वर्ष पाहणीत राहिली की एक व्यक्ति-वर्ष) सांगतात व त्याच वयाच्या मधुमेह नसलेल्यांशी ताडून पाहतात. ‘मधुमेहामुळे झालेले मृत्यू’ ही संख्या याहून निराळी आहे. तिचा आधार मृत्यू प्रमाणपत्रावरील मूळ कारण हा असतो आणि ती नेहमीच तोकडी पडते.

इन्शुलिनपूर्व काळात मुले व तरुण निदानानंतर काही महिने, फार तर दोन-तीन वर्षे जगत. किटोॲसिडोसिसमुळे (इन्शुलिनअभावी रक्तात आम्ल साचल्यामुळे) येणारी बेशुद्धी हे मृत्यूचे मुख्य कारण होते. बॉस्टन येथील मधुमेहतज्ज्ञ डॉक्टर एलियट जॉस्लिन यांच्या नोंदींनुसार १९१४ पूर्वीच्या त्यांच्या रुग्णांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मृत्यू असेच झाले. अमेरिकन डॉक्टर फ्रेडरिक ॲलन यांच्या अल्पाहार पद्धतीने आयुष्य थोडे लांबे, पण रोगी उपासाने खंगत. टोरांटो येथे ११ जानेवारी १९२२ रोजी १४ वर्षांच्या लेनर्ड टॉम्पसनला दिलेला, इन्शुलिन असलेला स्वादुपिंडाचा अर्क अशुद्ध असल्याने फारसा लागू पडला नाही. जीवरसायनशास्त्रज्ञ जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीपासून दिल्यावर गुण आला. त्यानंतर बेशुद्धीचे मृत्यू झपाट्याने घटले. रोगी जास्त वर्षे जगू लागले, तसे मूत्रपिंड व हृदयाचे विकार पुढे आले.

मोजणीतील वाद : अलीकडील दशकांतील घट कितपत खरी, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. अमेरिकन डायबिटीज असोसिएशनने १९९७ मध्ये निदानासाठी उपाशीपोटीच्या रक्तशर्करेची मर्यादा १४० वरून १२६ मिग्रॅ./डेसिलि. वर आणली. पुढे ६.५ टक्के एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करा दाखवणारी चाचणी) हाही निकष मान्य झाला. त्यामुळे सौम्य रोगाचे लोक छेदात, म्हणजे एकूण रुग्णसंख्येत आले. समजा, १,००० रुग्णांत वर्षाला ४० मृत्यू होतात. नव्या निकषाने ३०० सौम्य रुग्ण वाढले आणि त्यांत ६ मृत्यू झाले, तर दर हजारी ४० वरून सुमारे ३५ वर येतो. प्रत्यक्षात एकही आयुष्य लांबलेले नसते. हे ३०० जण मधुमेह नसलेल्या गटात सरासरीहून अधिक आजारी होते, म्हणून ते निघून गेल्यावर त्या गटाचाही दर उतरतो. निदान लवकर झाल्याने ‘निदानानंतरची वर्षे’ आपोआप वाढतात, तो दोष वेगळाच.

अंशातील, म्हणजे मृत्यूंच्या संख्येतील अडचण मृत्यू प्रमाणपत्राची आहे. पहिल्या भागात सर्वांत वरच्या ओळीवर तात्कालिक कारण व खाली त्याला कारणीभूत ठरलेली साखळी लिहायची असते : हृद्‌स्नायूचा झटका, त्याखाली हृद्‌रोहिणीविकार, त्याखाली मधुमेह. डॉक्टर अनेकदा दुसऱ्या ओळीवरच थांबतात, किंवा मधुमेह दुसऱ्या भागात, ‘हातभार लावणारे आजार’ म्हणून टाकतात. अमेरिकेतील पाहण्यांत मृत मधुमेहींपैकी सुमारे ४० टक्क्यांच्याच प्रमाणपत्रावर मधुमेहाचा उल्लेख आढळला. मूळ कारण म्हणून तर १० ते १५ टक्क्यांवरच. याच कारणाने मधुमेहामुळे झालेल्या मृत्यूंचा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा आकडा १५ लाख आहे, तर सापेक्ष जोखमीवरून (मधुमेहींचा मृत्युदर इतरांच्या किती पट यावरून) अंदाज बांधणाऱ्या आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाचा २०२१ चा आकडा ६७ लाख. हे दोन आकडे एका तक्त्यात शेजारी मांडू नयेत.

तरीही घट सर्वस्वी आभासी म्हणता येत नाही. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात (शरीरात इन्शुलिन जवळजवळ बनतच नाही असा) निकषबदलाचा परिणाम नगण्य असतो, आणि स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदवहीत १९९८ ते २०१४ या काळात त्याही गटाचे मृत्युमान उतरलेले दिसते. मात्र ही घट तुलनेसाठी घेतलेल्या सर्वसाधारण लोकांइतकीच होती. दुसऱ्या प्रकारात (सहसा प्रौढांत, इन्शुलिन पुरेसे लागू न पडल्याने होणारा) ती त्यांच्याहून कमी होती. म्हणजे मृत्युदर घटला, दरी मिटली नाही.

वय व कारणे : मधुमेही व इतर यांच्या मृत्युदरांचे गुणोत्तर तरुणपणी मोठे असते व वयाबरोबर आक्रसते. प्रत्यक्ष जादा मृत्यू मात्र उतारवयात अधिक, म्हणून एकच सरासरी फसवी ठरते. ९७ अभ्यासांतील ८,२०,९०० लोकांच्या एकत्रित विश्लेषणात (२०११) एकूण जोखीम १.८ पट आढळली आणि ५० वर्षांच्या मधुमेहीचे आयुष्य सरासरी सहा वर्षांनी घटलेले दिसले. त्यातील सुमारे ४० टक्के घट रक्तवाहिन्यांशी संबंध नसलेल्या आजारांमुळे होती. अमेरिकेत १९८८–९४ ते २०१०–१५ दरम्यान मधुमेहींच्या मृत्यूंतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा वाटा ४७.८ वरून ३४.१ टक्क्यांवर आला. कर्करोगाचा जवळजवळ स्थिर राहिला. जंतुसंसर्ग, मूत्रपिंडविकार, यकृतविकार इ. उरलेल्यांचा वाढला.

घटीचे श्रेय रक्तदाब व कोलेस्टेरॉलवरील औषधे आणि धूम्रपानातील घट यांना अधिक द्यावे लागते. केवळ साखर जोराने उतरवण्याचा लाभ तितका नाही. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांवरील ॲकॉर्ड चाचणीत (२००८) एचबीए१सी ६ टक्क्यांखाली नेण्याचे लक्ष्य ठेवलेल्या गटात मृत्यू २२ टक्के जास्त झाले, म्हणून तो भाग साडेतीन वर्षांतच थांबवावा लागला. प्रथम संशय साखर अति उतरण्यावर गेला. नंतरच्या विश्लेषणात मात्र कडक उपचार घेऊनही ज्यांचे एचबीए१सी खाली आले नाही, त्यांनाच धोका अधिक दिसला. पहिल्या प्रकारात चित्र वेगळे आहे : डीसीसीटी चाचणीत सुरुवातीच्या सरासरी साडेसहा वर्षांच्या काटेकोर उपचाराने पुढे २७ वर्षांच्या पाठपुराव्यात मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी आढळले. एसजीएलटी-२ रोधक (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या) औषधांपैकी एम्पाग्लिफ्लोझिनने हृद्रोगी मधुमेहींतील मृत्यू ८.३ वरून ५.७ टक्क्यांवर आणले (२०१५).

प्रादेशिक फरक : वरील बहुतेक आकडे श्रीमंत देशांचे आहेत. मेक्सिको शहरातील मोठ्या पाहणीत (२०१६) ३५ ते ५९ वयोगटातील मधुमेहींचे मृत्युमान इतरांच्या पाचपटीहून अधिक निघाले. अनियंत्रित साखर व मूत्रपिंडविकार ही त्यामागील ठळक कारणे. चीनमध्ये शहरांपेक्षा ग्रामीण भागात जोखीम जास्त दिसली. जेथे इन्शुलिन व साध्या रक्तशर्करा चाचणीचीही वानवा आहे, तेथे पहिल्या प्रकारची मुले आजही निदानाविना दगावतात. उलट्या, खोल श्वास व ग्लानी या किटोॲसिडोसिसच्या खुणा हिवताप, न्यूमोनिया किंवा जठरांत्रदाह म्हणून नोंदल्या जातात, त्यामुळे हे मृत्यू मधुमेहाच्या कोणत्याही आकडेवारीत येत नाहीत.