फोटोशॉप शिकायचंय, पण परीक्षा पेन्सिलची : बीएफए उपयोजित कला प्रवेशाची पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

बारावीनंतर ‘ग्राफिक्स शिकायचंय’ म्हणणारी मुले दरवर्षी भेटतात. त्यातली बरीचशी नाक्यावरच्या क्लासची फी भरून मोकळी होतात. तीन महिन्यांत फोटोशॉप आणि कोरलड्रॉची बटणे कळतात, पण अक्षर कुठे मोठे ठेवावे, रंग कुठे थांबवावा हे कळत नाही. हे शिकण्यासाठी महाराष्ट्रात चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे : बॅचलर ऑफ फाइन आर्ट, उपयोजित कला. त्याचा प्रवेश राज्याच्या सीईटीतून होतो आणि शासकीय महाविद्यालयात तो सामान्य घरालाही परवडतो. तरीही हुशार मुलांची जागा एखाद्या दाखल्यापायी जाते, याचे मला फार वाईट वाटते. म्हणून दाखल्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या वर्षी संगणक कमी आणि हात जास्त चालतो. रेखाटन, रंग, द्विमित आणि त्रिमित संकल्पन हा पाया असतो. पुढच्या वर्षांत टायपोग्राफी, सुलेखन, इलस्ट्रेशन, छायाचित्रण आणि संगणक ग्राफिक्स येतात. विंडोजवर आपण वर्षानुवर्षे वापरलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट र. कृ. जोशी यांचा. ते मुळात सुलेखनकार आणि मुंबईच्या सर जे.जे. या कला संस्थेचे विद्यार्थी होते. आधी हातात अक्षर आणि मग पडद्यावर, हा क्रम या अभ्यासक्रमात अजून टिकून आहे आणि तो योग्यच आहे. त्यामुळे प्रवेश मिळण्याआधीच महागडा लॅपटॉप घेऊ नका. गिंप, इंकस्केप आणि क्रिता ही मोफत सॉफ्टवेअर सुरुवातीला पुरेशी आहेत.

पात्रता

कोणत्याही शाखेतून बारावी उत्तीर्ण, त्यात इंग्रजी विषय आणि किमान ४५ टक्के गुण. महाराष्ट्रातील मागास प्रवर्ग आणि दिव्यांग उमेदवारांना ही अट ४० टक्क्यांची आहे. बारावीचा निकाल लागायचा असला तरी सीईटीला बसता येते. विज्ञान शाखाच हवी, हा गैरसमज पालकांत अजून आहे. तो सोडून द्या.

यापुढचा मुद्दा उमेदवारीच्या प्रकाराचा. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झाल्या असतील, आणि विद्यार्थी महाराष्ट्राचा अधिवासी असेल किंवा त्याचा जन्म महाराष्ट्रात झाला असेल, तर तो ‘अ’ प्रकारात येतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थळ महाराष्ट्रातले असेल तर तोच पुरावा चालतो. जागा कोरी असेल किंवा नुसते गावाचे नाव असून तालुका-जिल्हा नसेल, तर शाळेतून आत्ताच दुरुस्त करून घ्या. इंदूर किंवा वडोदऱ्यात शिकलेल्या मराठी घरातल्या मुलांसाठी ‘ब’ प्रकार आहे. त्यात विद्यार्थ्याचे स्वतःचे, आईचे किंवा वडिलांचे अधिवास प्रमाणपत्र लागते. गोव्यातल्या मुलांसाठी पणजीच्या आल्तिनोवरचे गोवा कला महाविद्यालय आहे. त्याचा प्रवेश गोव्याच्या स्वतंत्र प्रक्रियेतून होतो.

परीक्षा

एमएएच-एएसी सीईटी, म्हणजे कला अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा, राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष घेतो. चार पेपर असतात : संकल्पचित्र, वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान. प्रत्येकी ५० गुण, एकूण २००. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्यांना पहिले तीन विषय ओळखीचे वाटतील, पण इथली अपेक्षा वरची असते. वस्तुचित्रात समोर मांडलेल्या वस्तूंचे परस्पर प्रमाण आणि छायाप्रकाश पाहतात. अनेकांना मार खावा लागतो तो स्मरणचित्रात, कारण बाजार, बसथांबा, पाणवठा यांसारख्या प्रसंगात हालचाल करणारी माणसे काढावी लागतात आणि ती पाठ करता येत नाहीत. रोज अर्धा तास एसटी स्टँडवर बसून माणसे रेखाटा. क्लासच्या नोट्सपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

अर्जातला फोटो

अर्जात फोटो आणि सही अपलोड करावी लागते आणि त्यांची मापे पोर्टलवर दिलेली असतात. अर्ज इथे अडकतात. फोटो व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला की तो दाबला जातो आणि बारकावे जातात. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. पासपोर्ट फोटो साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा असतो, म्हणजे रुंदी-उंचीचे प्रमाण ७ : ९. आधी या प्रमाणात क्रॉप करा आणि मगच आकार बदला. उलट क्रमाने, रुंदी आणि उंची वेगवेगळी ओढून बसवली, तर चेहरा फाकतो किंवा लांबोडा होतो. ३०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके धरले तर, हा फोटो साधारण ४१३ बाय ५३१ पिक्सेलचा होतो. तरीही फाइल मर्यादेबाहेर जात असेल तर जेपेगची क्वालिटी थोडी कमी करा. मात्र दरवेळी मूळ फोटो उघडून नवी प्रत काढा, कारण आधी दाबलेल्या जेपेगवरच पुन्हा पुन्हा सेव्ह केले की चित्र खराब होत जाते. सही पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने करा, दिवसाच्या उजेडात स्कॅन करा आणि करडी दिसणारी पार्श्वभूमी फोटो सॉफ्टवेअरमधल्या ‘लेव्हल्स’मधून पांढरी करा. क्रॉप, रिझोल्यूशन, कॉम्प्रेशन, टोन हे सगळे धडे पुढे वर्गात येणारच आहेत. सायबर कॅफेवाल्याकडून करून घेण्यापेक्षा मुलाने हे स्वतः करावे.

कागदपत्रे

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार हे सगळ्यांनाच लागतात. शाळेच्या दाखल्यावरचा जन्मस्थळाचा पुरावा पुरत नसेल तर राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्रही लागते. त्यांत नाव एकसारखे आहे का ते पाहा. दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव प्रमाण धरा आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या.

राखीव जागेसाठी जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्रही लागते. विज्ञान शाखेतल्या मुलांना कॉलेज अकरावीतच याची आठवण करून देते. कला आणि वाणिज्यच्या मुलांना बहुतेक ठिकाणी कोणी सांगत नाही आणि चित्रकलेकडे वळणारी मुले नेमकी तिथलीच असतात. अर्ज ऑनलाइन भरून जिल्हा जात पडताळणी समितीकडे जातो, अनुसूचित जमातींची समिती वेगळी असते. वडील, आजोबा किंवा चुलत घराण्यातल्या कोणाच्या शाळेच्या नोंदीवर जात लिहिलेली हवी आणि ती नोंद मानीव दिनांकाआधीची, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेआधीची हवी. हा दिनांक अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. सोबत वंशावळीचे शपथपत्र जोडायचे. गावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या जुन्या रजिस्टरचा उतारा काढण्यातच महिना जातो, म्हणून बारावीच्या दिवाळीपर्यंत अर्ज गेलेला बरा. घरात रक्ताच्या नात्यातल्या कोणाची वैधता झाली असेल तर ती जरूर जोडा, काम बरेच सोपे होते.

नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र इतर मागास वर्ग, विशेष मागास प्रवर्ग, विमुक्त-भटके आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) यांना लागते. अनुसूचित जाती-जमातींना नाही. उत्पन्नाची मर्यादा वार्षिक ८ लाखांची आहे. दाखला प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातील ३१ मार्चपर्यंत वैध असावा लागतो. उदाहरणार्थ, २०२६-२७ चा प्रवेश असेल तर ३१ मार्च २०२७ पर्यंत. मागच्या वर्षी भावासाठी काढलेला दाखला पाहून निर्धास्त राहणारी घरे मी पाहिली आहेत. दाखला हातात घेऊन शेवटची तारीख वाचा. ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा, दाखला राज्याच्या विहित नमुन्यातला हवा, केंद्राच्या नमुन्यातला नव्हे.

सीईटी झाली म्हणजे अर्ज झाला, असे नाही

सीईटीची नोंदणी ही फक्त परीक्षेची नोंदणी असते. निकालानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी, म्हणजे कॅपसाठी, वेगळा अर्ज आणि वेगळे शुल्क भरावे लागते. चांगले गुण मिळवूनही हा दुसरा अर्ज न भरलेली मुले यादीत येतच नाहीत. कॅपमध्ये आधी कागदपत्रांची छाननी होते, मग तात्पुरती गुणवत्ता यादी लागते. प्रवर्ग चुकला असेल तर तक्रार नोंदवायची ती या टप्प्यावरच. अंतिम यादी लागल्यावर हाक ऐकू येत नाही. त्यानंतर पसंतीक्रम भरायचा. जवळचे म्हणून नव्हे, तर खरोखर जिथे शिकायचे आहे ते महाविद्यालय वर ठेवा, कारण वाटप क्रमानेच होते. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय कला महाविद्यालये आहेत. मुंबईच्या सर जे.जे.ला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे तिथली प्रवेश अधिसूचना त्यांच्याच संकेतस्थळावर वेगळी वाचा.

शुल्क सवलतीचे अर्ज प्रवेशानंतर महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर भरायचे. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय जुलै २०२४ मध्ये झाला. संस्था स्तरावरच्या किंवा व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला ती लागू होत नाही, हे पैसे भरण्याआधी पाहा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते तयार ठेवा.

चार वर्षे देणे शक्य नसेल किंवा दहावीनंतरच कामाला लागायचे असेल, तर आयटीआयमध्ये डेस्कटॉप पब्लिशिंग ऑपरेटर आणि मल्टिमीडिया अॅनिमेशन अँड स्पेशल इफेक्ट्स हे एक वर्षाचे ट्रेड आहेत. तिथे चित्रकलेची परीक्षा नाही, प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. छापखान्यात आणि फ्लेक्सच्या दुकानात या मुलांना लगेच काम मिळते आणि त्यात काही कमीपणा नाही.

जागा मिळाल्यावर महाविद्यालयात मूळ शाळा सोडल्याचा दाखला जमा करावा लागतो. त्याआधी त्याचा रंगीत स्कॅन आणि चार-पाच साक्षांकित प्रती काढून ठेवा. शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि रखडलेली जात पडताळणी या तिन्ही ठिकाणी तो पुन्हा मागतात.