‘सामान्य गणित’ आले कसे आणि गेले का : माध्यमिक शाळेतील गणित अध्यापनाची पार्श्वभूमी

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीला आज सर्वसाधारण विद्यार्थ्यासाठी गणिताचा एकच अभ्यासक्रम आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत ही स्थिती नव्हती. नववीत प्रवेश करताना विद्यार्थ्याला बीजगणित-भूमिती घ्यायची की त्याऐवजी ‘सामान्य गणित’ हा सोपा विषय घ्यायचा, अशी निवड करता येत असे. २०१७-१८ पासून नववीत आणि त्यापुढच्या वर्षी दहावीत हा पर्याय बंद झाला. त्याच्या येण्याची आणि जाण्याची चर्चा बहुतेक वेळा निकालाच्या टक्केवारीपुरती झाली. प्रत्यक्षात त्यामागचा प्रश्न बराच जुना आहे. शाळेतल्या प्रत्येक मुलाला एकच गणित शिकवायचे का, आणि तसे ठरवल्यास ते सर्वांना कळेल अशा रीतीने कोण, कसे शिकवणार, हा तो प्रश्न होय.

पंतोजींच्या शाळेत तो उद्भवत नव्हता, कारण तिथले गणित व्यवहारासाठीच होते. पाढ्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे मुखोद्गत असले की बाजारातला आणि वसुलीचा हिशेब तोंडी करता येई. १८२०च्या दशकात मुंबई इलाख्यात इंग्रजी पुस्तकांवरून तयार केलेली गणिताची मराठी पुस्तके आली, १८५७ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले आणि मॅट्रिकच्या परीक्षेबरोबर युक्लिडची भूमिती माध्यमिक शाळेच्या केंद्रस्थानी आली. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता हा साचा पुढे पिढ्यान्‌पिढ्या वहीत उतरला. हिशेबाचे गणित आणि सिद्धतेचे गणित या दोन परंपरा तेव्हापासून शेजारी राहिल्या. शाळेने त्यांची नीट सांगड कधी घातली नाही. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी चलनात आली, त्यानंतर पावकी-दिडकीची व्यवहारातली गरजही झपाट्याने कमी झाली आणि पहिल्या परंपरेचा आधारच सुटत गेला.

आजच्या रचनेचा पाया १९६४-६६ च्या राष्ट्रीय शिक्षण आयोगाने घातला. पहिल्या दहा वर्षांच्या सामान्य शिक्षणात गणित आणि विज्ञान सर्व मुलामुलींना सक्तीचे असावे, अशी शिफारस आयोगाने केली. त्याआधी अनेक प्रांतांत मुलींना गणित सोडून गृहशास्त्राकडे वळण्याची मुभा होती, आणि मुभेच्या नावाखाली त्यांच्यापुढचे मार्ग अरुंद होत होते. हे ध्यानात घेतले तर सक्तीमागची समतेची भूमिका स्पष्ट होते. महाराष्ट्रात दहा अधिक दोन ही रचना लागू झाली आणि १९७५ मध्ये नव्या आकृतिबंधातील पहिली दहावीची परीक्षा झाली. अकरावीच्या जुन्या मॅट्रिकपर्यंत न पोहोचणारी असंख्य मुले आता बीजगणित आणि भूमितीच्या वर्गात बसू लागली. वर्ग बदलला, पण फळ्यावरची पद्धत फारशी बदलली नाही.

त्याच सुमारास ‘नवगणित’ही आले. सोव्हिएत उपग्रहाच्या १९५७ मधील उड्डाणानंतर अमेरिकेत शालेय गणिताची जी पुनर्रचना झाली, तिचा प्रभाव शिक्षकांच्या उन्हाळी प्रशिक्षणांतून आणि पाठ्यपुस्तकांतून भारतात पोहोचला. आकडेमोडीपेक्षा रचनेला महत्त्व द्यावे आणि गणिताची भाषा संचांपासून सुरू करावी, असा तो विचार होता. पाश्चात्त्य देशांत काही वर्षांतच ही लाट ओसरली. आपल्याकडे तिचा ठसा अजून आहे. राज्याच्या नववीच्या आजच्या पुस्तकातही पहिले प्रकरण ‘संच’ हेच आहे. छेद, संयोग आणि वेन आकृत्या मुले आवडीने शिकतात. मात्र त्या भाषेचा उपयोग पुढच्या प्रकरणांत फारच थोड्या ठिकाणी होत असल्याने ते प्रकरण वर्षाच्या सुरुवातीला सुटे पडून राहते.

अध्यापनपद्धतींची नावे शिक्षक-प्रशिक्षण घेतलेल्या प्रत्येकाला पाठ असतात: उद्गामी (उदाहरणांवरून नियमाकडे) आणि अवगामी (नियमावरून उदाहरणांकडे), विश्लेषण आणि संश्लेषण, अलीकडे ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलाने आपले ज्ञान स्वतः घडवावे हा विचार. उद्गामी पद्धतीने शिकवायचे तर प्रत्येक मुलाने स्वतः दोन-तीन वेगळे त्रिकोण काढावेत, कोनमापकाने कोन मोजावेत, बेरीज कधी १७९ तर कधी १८१ अंश येते हे पाहावे आणि मग ‘ती नेमकी १८० च का असली पाहिजे’ हा प्रश्न विचारावा. सिद्धतेची गरज त्या एका अंशाच्या फरकातून निर्माण होते. हा पाठ मनापासून घेतला तर एक तासिका पुरत नाही. साठ-सत्तर मुलांचा वर्ग आणि ठरलेल्या मुदतीत संपवायचा अभ्यासक्रम असला की शिक्षक नियम सांगून उदाहरणांकडे वळतो. हा दोष एकट्या शिक्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

दहावीच्या निकालात नापासांचा मोठा वाटा गणित आणि इंग्रजीचा असतो, हे चित्र या सर्व काळात कायम राहिले. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने आणि त्यासोबतच्या गणितविषयक भूमिकापत्राने भीती व अपयश हीच गणित शिक्षणाची मोठी समस्या मानली. मुलाच्या विचाराचे गणितीकरण, म्हणजे त्याला गणिती रीतीने विचार करायला शिकवणे, हे मुख्य उद्दिष्ट ठरवून परीक्षा दोन स्तरांवर घेण्याचा विचारही त्या वेळी पुढे आला. महाराष्ट्रात ‘सामान्य गणित’ त्याच दशकाच्या उत्तरार्धात आले. अध्ययन अक्षमता (बुद्धी सामान्य असूनही वाचन, लेखन किंवा आकडेमोडीत येणारी अडचण) असलेल्या विद्यार्थ्यांना बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित घेण्याची सवलत राज्यात त्याआधीपासून होती. आता सवलतीच्या निकषात न बसणाऱ्या, पण गणितात सतत अडखळणाऱ्या मुलांसाठी वेगळी वाट काढली गेली.

या निर्णयाचे मूल्यमापन करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. पहिली गोष्ट विषयाच्या आशयाची. व्यवहारातील आकडेमोड आणि मोजमाप यांवर भर देणारा अभ्यासक्रम ज्या मुलाला दहावीनंतर दुकानात, कार्यशाळेत किंवा शेतीत उभे राहायचे आहे, त्याच्या उपयोगाचा होता. पंतोजींच्या काळापासून शाळेने बाजूला सारलेल्या हिशेबाच्या परंपरेला त्यामुळे परीक्षेत पुन्हा जागा मिळत होती. दुसरी गोष्ट निवडीच्या परिणामांची. सामान्य गणित घेतलेल्या विद्यार्थ्याला अकरावीला विज्ञान शाखा मिळत नसे आणि अभियांत्रिकी पदविकेचा मार्गही बंद होई. हा निर्णय चौदा वर्षांच्या मुलाने, बहुधा आठवीच्या गुणपत्रिकेकडे पाहून, घ्यायचा होता; आणि शाळेचा निकाल उंचावण्याचे दडपण असल्याने अनेक ठिकाणी तो त्याच्या वतीने शाळाच घेत असे. ज्या घरात सल्ला देणारे कोणी नव्हते, त्या घरातील मुलावर या निवडीचा भार सर्वांत जास्त पडला.

सामान्य गणिताच्या वर्गाकडे शाळा कशा नजरेने पाहत होत्या, हा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अशा विषयासाठी अनुभवी शिक्षक आणि व्यवहारातले साहित्य हवे होते: बँकेचे पासबुक, विजेचे बिल, जमिनीचे मोजमाप. त्याऐवजी हा विषय सुटकेचा मार्ग म्हणून राबवला गेला आणि ‘सामान्य’ या शब्दाचा अर्थ मुलांच्या बोलण्यात ‘कच्च्यांचे गणित’ असा झाला. पर्याय रद्द करणाऱ्यांचे म्हणणे या बाबतीत रास्त होते, की कमी अपेक्षा ठेवून मुलाचे पुढचे दरवाजे बंद करणे ही त्याची सोय नव्हे. पण रद्द करतानाही पुन्हा तेच घडले. मुले एका वर्गात परत आली. त्यांना त्या वर्गात टिकवण्यासाठी लागणाऱ्या जास्तीच्या तासिका किंवा पूरक अध्यापनाची तरतूद त्या प्रमाणात झाली नाही.

योगायोग असा, की २०१७ मध्येच अध्ययन अक्षमतेसंबंधीच्या एका जनहित याचिकेच्या सुनावणीत मुंबई उच्च न्यायालयाने, गणित वैकल्पिक करता येईल का, अशी विचारणा शिक्षण मंडळांकडे केली. एकीकडे पर्याय बंद होत असताना दुसरीकडे तो हवा का, याची चर्चा पुन्हा सुरू झाली होती.

२०१८ पासून दहावीला आलेल्या ‘गणित भाग १’ आणि ‘भाग २’ या पुस्तकांनी या कोंडीतून काही अंशी मार्ग काढला, हे मान्य केले पाहिजे. बीजगणिताच्या बाजूला ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण आले. १८ टक्के दराच्या वस्तूच्या बिलात केंद्राचा ९ टक्के आणि राज्याचा ९ टक्के कर कसा दाखवतात, शेअरवरील दलाली कशी काढतात, हे आता अभियांत्रिकीला जाणारा आणि दुकान सांभाळणारा, दोघेही शिकतात. सामान्य गणितातील चांगला भाग अशा रीतीने सर्वांच्या पुस्तकात आला. याउलट प्रश्नपत्रिकेतील ‘कृती’ या प्रकाराबद्दल माझे मत अनुकूल नाही. प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयाची (त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर रेषा उरलेल्या दोन बाजूंना एकाच प्रमाणात विभागते) जवळपास पूर्ण सिद्धता छापलेली असते आणि विद्यार्थ्याने चौकटींत त्रिकोणाचे नाव, ‘समान उंची’ यासारखे कारण किंवा एखादे गुणोत्तर भरायचे असते. यामुळे गुण मिळवणे सोपे झाले. परंतु बाजूंचे प्रमाण सिद्ध करायला क्षेत्रफळांकडे का वळायचे, ही त्या सिद्धतेतली खरी कल्पना विद्यार्थ्याला सुचण्याआधीच कागदावर छापलेली असते.

दरम्यान केंद्रीय मंडळाने (सीबीएसई) वेगळी रचना स्वीकारली. २०२० च्या परीक्षेपासून तिथे दहावीचे गणित ‘बेसिक’ आणि ‘स्टँडर्ड’ अशा दोन स्तरांवर आहे. पण अभ्यासक्रम, पुस्तक आणि वर्ग एकच असून फरक प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यपातळीत आहे. बेसिक घेऊन उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला पुरवणी परीक्षेत स्टँडर्डची प्रश्नपत्रिका देऊन आपला मार्ग बदलण्याची सोय या योजनेत ठेवली गेली. निवड पुढे ढकलणे आणि ती फिरवता येणे, हे दोन्ही गुण सामान्य गणिताच्या योजनेत नव्हते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही विषयांचे दोन स्तर करताना सुरुवात गणितापासून करता येईल असे सुचवले आहे.

राज्याच्या शालेय शिक्षणाच्या नव्या आराखड्याच्या निमित्ताने २०२४ मध्ये आणखी एक प्रस्ताव चर्चेत आला. गणित किंवा विज्ञानात ३५ पेक्षा कमी, पण किमान २० गुण असलेल्या विद्यार्थ्याला गुणपत्रिकेवर शेरा देऊन अकरावीत जाऊ द्यावे आणि त्या विषयांचे पुढील शिक्षण मात्र त्याला घेता येऊ नये, असे त्याचे स्वरूप होते. चौदाव्या वर्षी करावी लागणारी निवड यामुळे परीक्षेनंतर, सोळाव्या वर्षाच्या आसपास जाईल, ही जमेची बाजू आहे. वृत्तपत्रांतील वाद २० आणि ३५ या दोन आकड्यांभोवतीच फिरला. त्या दोन आकड्यांच्या मध्ये असलेली मुले नववीच्या जून महिन्यात ओळखता येतात, त्यांचा अपूर्णांक किंवा ऋण संख्यांचा कच्चा राहिलेला भाग तेव्हाच समजतो, आणि त्यासाठी आठवड्याला किती तासिका द्यायच्या याचा निर्णय शेऱ्याचा मजकूर ठरण्याआधी व्हायला हवा.