शेतसाऱ्यापासून ऊसदरापर्यंत: कोल्हापूरच्या शेतकरी आमदाराची पार्श्वभूमी

शेतात राबणाऱ्या घरातला माणूस आमदार झाला, याचे आज कोल्हापूर जिल्ह्यात कोणाला नवल वाटत नाही. ही वाट मात्र मतपेटीच्या आधी, शेतसाऱ्याच्या तक्रारीतून पडली. शाहू महाराजांच्या काळात शाहूपुरीत गुळाची पेठ वसली आणि भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधायला घेतले गेले. तरीही सारा किती असावा हे दरबारच ठरवत असे आणि तो भरणाऱ्याला त्यात शब्द नव्हता. फेब्रुवारी 1939 मध्ये जयसिंगपूरला प्रजा परिषद स्थापन झाली, तेव्हा माधवराव बागल आणि निमशिरगावचे रत्नाप्पाण्णा कुंभार यांनी जबाबदार राज्यपद्धतीबरोबरच, म्हणजे लोकप्रतिनिधींना उत्तर देणाऱ्या कारभाराबरोबरच, साराकपातीचीही मागणी लावून धरली, आणि माझ्या मते परिषदेला खेड्यापाड्यांतून मिळालेले बळ या दुसऱ्या मागणीत होते.

1 मार्च 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. कुळकायद्यानुसार 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला आणि कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक होण्याचा मार्ग खुला झाला.

पण जमीन हाती आली म्हणून सत्ता येत नाही. ती सहकारातून आली. घटना समितीचे सदस्य आणि पहिल्या लोकसभेतील खासदार असलेल्या रत्नाप्पाण्णांनी इचलकरंजीजवळ पंचगंगा सहकारी साखर कारखाना उभारला, आणि पुढे जिल्ह्यात असे कारखाने वाढत गेले. तोडलेला ऊस वेळेत गाळला नाही तर वजन आणि उतारा (उसातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण) दोन्ही घटतात, त्यामुळे कोणाच्या फडात तोडणीची टोळी आधी जाणार हा प्रश्न सभासदाच्या वर्षभराच्या मिळकतीचा असतो. ज्याच्या शब्दावर टोळी हलते, त्याला गावात मान मिळणारच. गावच्या पतपुरवठा करणाऱ्या सेवा सोसायटीचा संचालक, मग जिल्हा बँकेसाठीचा ठरावधारक (बँकेच्या निवडणुकीत सोसायटीच्या वतीने मत देणारा), मग कारखान्याच्या गटाचा उमेदवार अशा पायऱ्या तयार झाल्या. 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा आल्या, 1963 मध्ये ‘गोकुळ’ दूध संघ निघाला, आणि विधानसभेपर्यंतची शिडी पुरी झाली.

पुढे याच शिडीने शेतकऱ्यांतच दोन बाजू पाडल्या: एक कारखाना चालवणारी, दुसरी त्याला ऊस घालणारी. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेत घडलेले शिरोळचे राजू शेट्टी दुसऱ्या बाजूने, कारखान्याची खुर्ची नसताना पुढे आले. 2002 मध्ये जिल्हा परिषद, 2004 मध्ये विधानसभा आणि 2009 मध्ये हातकणंगल्यातून लोकसभा, असा त्यांचा चढता प्रवास झाला. 2019 मध्ये त्याच मतदारसंघाने त्यांना पराभूत केले, हेही नोंदवायला हवे. त्यांच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेची ऊस परिषद गळीत हंगामाच्या तोंडावर भरते, पहिल्या उचलीचा, म्हणजे ऊसदराच्या पहिल्या हप्त्याचा, आकडा तेथे मागितला जातो, आणि तिचे ठिकाण जयसिंगपूर हेच असते.