जॅग्वारचं इंजिन का बदललं नाही?

२०२५मध्ये मार्च ते जुलै एवढ्या काळात हवाई दलाची तीन जॅग्वार लढाऊ विमानं कोसळली. एक पंचकुल्याजवळ, दुसरं जामनगरजवळ, तिसरं राजस्थानातल्या चुरू जिल्ह्यात. तिन्हींचं कारण एकच होतं असा दावा इथे करायचा नाही. पण तीन-तीनदा अपग्रेड झालेलं विमान अजून जुनंच कसं, हा लोकांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर बरंचसं ‘अपग्रेड’ या शब्दात दडलेलं आहे.

१९७९च्या जुलैत पहिली जॅग्वार अंबाल्याला उतरली. सोबत आलेली ब्रिटिश दिशादर्शन यंत्रणा आपल्याला अपुरी वाटली, म्हणून १९८०च्या दशकात इथल्या अभियंत्यांनी आणि वैमानिकांनी मिळून ‘डॅरिन’ ही दिशादर्शन आणि मारा करण्याची स्वदेशी यंत्रणा उभी केली. जहाजांवर मारा करणारी, नाकात रडार असलेली जॅग्वार तर बरीच वर्षं पुण्याच्या लोहगावहून उडत होती. पुढे डॅरिन-२ आली. डॅरिन-३चं पहिलं उड्डाण २०१२च्या नोव्हेंबरमध्ये झालं, आणि २०१७मध्ये आधुनिक एईएसए रडारसह (अँटेना न फिरवता इलेक्ट्रॉनिक पद्धतीने किरण वळवणारं रडार) विमान हवेत गेलं. हे काम खरोखर अभिमानाचं आहे. मात्र ही सगळी अपग्रेड म्हणजे संगणक, पडदे, रडार, संरक्षक यंत्रणा. इंजिन त्यात कधीच नव्हतं. त्याची फाइल वेगळी.

जॅग्वारचं ‘अडूर’ इंजिन थंड युरोपात ठीक चालतं. आपल्याकडे मे महिन्यात हवा तापून विरळ झाली की त्याचा रेटा, म्हणजे विमानाला पुढे ढकलणारा जोर, घटतो. मग एक तर बॉम्ब कमी न्यायचे, नाही तर इंधन. त्यात प्रत्येक डॅरिनने विमानात नवी इलेक्ट्रॉनिक पेटी बसवली, तिला वीज लागते, ती थंड ठेवावी लागते, आणि हा भार त्याच इंजिनावर पडतो.

उपाय समोर होता. अडूर सुमारे ३७ किलोन्यूटन रेटा देतं. एका अमेरिकी कंपनीचं इंजिन ४४च्या आसपास देणार होतं, शिवाय वजनाने हलकं. मूळच्या ब्रिटिश उत्पादकाने आपल्याच इंजिनाची सुधारित आवृत्ती पुढे केली, पण नंतर माघार घेतली. स्पर्धेत एकच कंपनी उरली आणि आपल्या खरेदीच्या नियमांत तिथेच घोडं अडतं. वर्षं गेली, किंमत चढत गेली. २०१९मध्ये प्रस्ताव गुंडाळला. इंजिनं येऊन, चाचण्या होऊन शेवटच्या विमानात बसेपर्यंत त्या विमानाचं आयुष्य किती उरणार, एवढा पैसा त्यात का घालायचा, असा हिशेब होता.

हा हिशेब चूक नव्हता. खुद्द ब्रिटनने आपल्या जॅग्वारना सुधारित इंजिनं बसवली आणि २००७मध्ये ताफाच निवृत्त केला. तिथे तो खर्च जेमतेम काही वर्षांच्या कामी आला. पण आपली गोष्ट वेगळी आहे. आपल्या कारखान्यात जॅग्वार २०००च्या दशकातही बनत होती, म्हणजे आराखडा जुना असला तरी काही सांगाडे तुलनेने तरुण होते. निर्णय २०१०-११च्या सुमारास झाला असता तर हीच बेरीज इंजिनाच्या बाजूने गेली असती, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी उशीर केला आणि मग उशीर झाला म्हणून नको म्हटलं.

परिणाम असा की डॅरिन-३चं नवंकोरं रडार जुन्याच अडूरच्या जिवावर उडतं. फ्रान्सने जॅग्वार २००५मध्ये थांबवली, ओमानने २०१४मध्ये. तेव्हापासून ती उडवणारे जगात आपण एकटेच. सुटे भाग कोणी नव्याने बनवत नाही. त्यासाठी फ्रान्सकडून ३१ जुने सांगाडे मिळवावे लागले, आणि त्यांच्यावरून उतरवलेल्या भागांवर इथली विमानं उडती ठेवायची असं ठरलं.